कॅल्शियम, सकाळ-संध्याकाळ

लेबल नसलेली बाटली दिसली की मी ती टाकाऊ रसायनांच्या कॅनमध्ये ओतून मोकळी होते. कुणाची आहे म्हणून विचारत बसत नाही. आमच्या प्रयोगशाळेत येणारं प्रत्येक नवीन पोरगं पहिल्या महिन्यात एकदा तरी रडकुंडीला येतं, कारण दोन दिवस खपून केलेलं त्याचं द्रावण मी गटारात नाही तरी कॅनमध्ये घातलेलं असतं. मग ते आमच्या मॅडमकडे तक्रार घेऊन जातं आणि मॅडम त्यालाच झापतात. बाटलीवर आत काय आहे, किती ताकदीचं आहे, कधी केलं आणि कुणी केलं हे लिहिलेलं पाहिजे. एवढं लिहायला जिवावर येत असेल तर शास्त्रज्ञ कशाला व्हायचं, घरी बसावं. मी बडोद्यात सत्तावीस वर्षं तंत्रसहायक म्हणून काम करते आहे. शोध लावणारी मी नव्हे. मी द्रावणं करते, पेशींना खायला घालते, यंत्रं पुसते आणि मुलांवर ओरडते.

असं असताना मी स्वतःच्या हातानं एका बाटलीवर खोटं लेबल चिकटवलं. तेही व्यवस्थित, छापून, कोपरे दाबून.

मॅडमनी काही वर्षांपूर्वी झोपलेली जनुकं जागी करण्याचं काम हाती घेतलं. मुलांना त्या ज्या भाषेत सांगतात ती मला अजून धड येत नाही, पण मला समजलं ते असं. पेशीत जनुकांचा लांबच लांब धागा असतो आणि तो रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथलं जनुक वाचताच येत नाही, म्हणजे ते असून नसल्यासारखं. ते वाचलं जावं म्हणून आम्ही दोन औषधं वापरायचो. एक औषध पेशीच्या आत संदेश वाढवतं. तो संदेश एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकत सरकत जनुकापर्यंत जातो आणि म्हणतो, चालो, कामाला लागा. हे औषध गरमरच्या मुळात असतं. खंडेराव मार्केटात हंगामात मिळणारी, आपण लोणचं घालतो तीच गरमर. हे कळल्यावर मी घरी लोणच्याची बरणी उघडून तिच्याकडे जरा आदरानं बघितलं होतं.

दुसरं औषध गुंडाळीच सैल करतं. जी प्रथिनं धागा आवळून ठेवतात त्यांना ते काम करू देत नाही. दोन्ही औषधं घातली की दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्या चमकायच्या, म्हणजे जनुक जागं झालं. एखादं घातलं तर फिकट, दोन्ही घातली तर झगझगीत. हे दुसरं औषध म्हणजे सोडियम व्हॅल्प्रोएट. पांढरी भुकटी. हवेतलं पाणी इतकं ओढते की डबा पाच मिनिटं उघडा राहिला तर चिखल होतो. ती तोलायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नसे.

माझी भाची हेच औषध आठवीपासून घेत होती.

मी दादा-वहिनींबरोबर वाडी भागातल्या आमच्या घरात राहते, वरच्या मजल्यावर. लग्न केलं नाही, त्याची गोष्ट वेगळी आणि फार मजेदार नाही. आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत पहाऱ्याला होते. दादा सावली गावाकडच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, म्हणजे पहारा काही सुटला नाही. त्याला ही एकच मुलगी. आठवीत असताना शाळेच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या पडली, हातपाय झाडले, जीभ चावली. डॉक्टरांनी फिटचं निदान केलं आणि या गोळ्या सुरू केल्या. मेंदूतली वीज उसळू नये म्हणून ही गोळी देतात. ते काम तिनं चोख केलं. कॉलेजपासून भाचीला एकही फिट आली नाही. ते डॉक्टर पुढे निवृत्त झाले आणि दादा जुनीच चिठ्ठी दाखवून त्याच दुकानातून गोळ्या आणत राहिला. कुणी काही विचारलं नाही.

पहिल्यांदा डब्यावरचं आणि पाकिटावरचं नाव सारखं दिसलं तेव्हा मला गंमतच वाटली. मी तिला म्हटलं, तुझी गोळी मी पेशींना घालते. ती हसली आणि म्हणाली, पेशींना पण फिट येते का गं आत्या. आम्ही दोघी हसलो. तेव्हा खरंच एवढंच वाटलं.

मग शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं माझ्याकडून तेच द्रावण मागून नेलं. त्यांच्याकडे मासे असतात, बोटाच्या पेराएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्यांची अंडी काचेसारखी पारदर्शक, आत पिल्लू घडताना दिसतं. त्या मुलीनं थोड्या अंड्यांच्या पाण्यात माझं द्रावण घातलं होतं आणि थोड्यांच्यात साधं पाणी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं मला कौतुकानं बघायला बोलावलं. साध्या पाण्यातली पिल्लं सरळसोट, टुणटुणीत. माझ्या द्रावणातली वाकडी झालेली, पाठीला बाक, हृदयाभोवती पाण्याची पिशवी. ती मुलगी सांगत होती की पिल्लू घडत असताना कुठलं जनुक कधी उघडायचं नि कधी मिटायचं हे ठरलेलं असतं, आणि हे औषध भलत्याच वेळी भलतीच पानं उघडतं. बहुधा म्हणून, असंही ती म्हणाली, पूर्ण खात्रीनं कुणी सांगत नाही. मी विचारलं, आणि माणसात? ती म्हणाली, बेन, हे तर सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं, गरोदरपणात ही गोळी शक्य तोवर देतच नाहीत, आधीच बदलून घ्यावी लागते. आणि ती अंड्यांच्या पुढच्या थाळीकडे वळली.

त्या संध्याकाळी मी दादाला सांगितलं. नीट सांगितलं, मासे वगळून. म्हटलं, आत्ताच एखाद्या मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊ, दुसरी गोळी असते, पण ती हळूहळू बदलावी लागते, महिने जातात, मध्ये फिट येण्याचा धोका असतो. दादा जेवत होता. मधे फिट येऊ शकते एवढंच त्यानं ऐकलं. तेव्हा भाचीला स्थळं बघायला सुरुवात झाली होती. बडोद्यातली आपली मराठी मंडळी म्हणजे बोटांवर मोजण्यासारखी घरं. गणपतीत एकत्र, लग्नात एकत्र. मांडवीजवळ कुणी शिंकलं तर रावपुऱ्यात काढा उकळतो. आता गोळी बदलायची, फिट आली तर सगळ्या गावाला कळेल, असं त्याचं म्हणणं. लग्न होऊ दे, मग बघू, असं तो म्हणाला. पोळी वाढताना वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. माझ्यासारखी भांडकुदळ बाई गप्प बसली. मुलीलाही सांगितलं नाही, आधीच धास्तावलेली पोर, तिच्या डोक्यात आणखी कशाला घाला, अशी माझी मीच समजूत घातली. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. माझ्या तोंडामुळे तिचं लग्न मोडलं असं कुणी म्हणू नये.

दीड वर्षानं लग्न ठरलं. घर चांगलं, संस्थानातल्या जुन्या कारभाऱ्यांचं. मुलगा सरळ. सासूबाई निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. पहिल्या भेटीतच मला त्या आवडल्या, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. हिंग, ओवा, साबुदाणा, आणि खाली भरल्याची तारीख. मी वहिनीला कोपर मारून ते दाखवलं. वहिनीचं तोंड उतरलं. घरी आल्यावर म्हणाली, ही बाई गोळ्यांचं पाकीट वाचल्याशिवाय राहणार आहे का?

तेव्हा ती बाटलीची युक्ती निघाली, आणि ती माझ्याच डोक्यातून निघाली हे मला सांगायला हवं. भाचीला ते नको होतं. नवऱ्याला तरी सांगूया, असं ती दोनदा म्हणाली. दादानं आवाज चढवला आणि मी मध्यस्थी केली, म्हटलं सहा महिने जाऊ देत, मग मी स्वतः येऊन सांगेन. मी पाकिटातल्या गोळ्या सोलून एका स्वच्छ बाटलीत भरल्या. दमट हवेत त्या टिकत नाहीत म्हणून आत ओल ओढणाऱ्या पुड्या टाकल्या, प्रयोगशाळेतून आणलेल्या. प्रयोगशाळेच्याच यंत्रावर लेबल छापलं: कॅल्शियम, सकाळ-संध्याकाळ एक. दर महिन्याला मी बाटलीभर गोळ्या सोलून ठेवायची आणि दादा जमेल त्या दिवशी जाता जाता तिच्याकडे देऊन यायचा. कधी दुकानात दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या मिळत, आकार थोडा निराळा असे. तिला त्याची सवय झाली होती.

सहा महिने गेले. मी सांगायला गेले नाही. सातवा महिना लागला, आठवा लागला. दिवाळी, मग त्यांच्याकडे कुणाची मुंज, मग आमच्या प्रयोगशाळेत तपासणी. कारणांना काय तोटा.

मग एका मंगळवारी सकाळी अकराला दादाचा फोन आला की पोरगी खंडेराव मार्केटात पडली, दवाखान्यात ये. मी हातातली पेशींची थाळी झाकून ठेवली, की नाही ठेवली, मला आठवत नाही. स्कूटर काढली आणि निघाले.

झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, मी सरळ सांगते. भाचीला कामाला सुट्टी होती, म्हणून सासू-सून भाजीला गेल्या होत्या. वांग्यांच्या ढिगापुढे भाची ताठ झाली आणि मागच्या मागे पडली. दगडी कठड्याची कड लागून डोकं फुटलं. भाजीवाल्यांनी गराडा घातला, एकानं फोडलेला कांदा नाकाला धरला, दुसरा चप्पल घेऊन आला. सासूबाईंनी सगळ्यांना हाकललं, तिला कुशीवर वळवलं, स्वतःचा पदर डोक्याला दाबून धरला. पस्तीस वर्षं शाळेत काढलेली बाई, त्यांनी पडलेली मुलं पाहिलेली होती. पदर रक्तानं भिजलेला तसाच घेऊन त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या.

भाची शुद्धीवर होती, पण अजून भ्रमलेली. टाके घालून झाले होते. जावई खिडकीपाशी उभा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कागद घेऊन विचारत होत्या की आधी कधी असं झालं होतं का. दादा म्हणाला, नाही. अगदी पटकन. मग त्यांनी विचारलं, कसलं औषध चालू आहे का.

सासूबाई म्हणाल्या, फक्त कॅल्शियम. आणि मग जरा अभिमानानंच सांगितलं की हिची बाटली संपत आली होती, हिला नोकरीच्या गडबडीत भान नसतं, म्हणून पाच दिवसांपूर्वी मीच दुकानातून चांगल्यातलं आणून भरून ठेवलं. आधीच्या चार गोळ्या तळाशी होत्या, त्या तशाच ठेवल्या, नवीन वरून घातल्या.

काय झालं ते मला लगेच कळलं. भाचीला भरलेली बाटली दिसली, तिला वाटलं बाबा येऊन गेले. गोळी निराळी दिसली, तिला वाटलं आत्यानं दुसरी कंपनी आणली. पाच दिवस ती बिचारी सकाळ-संध्याकाळ खरोखरचं कॅल्शियम खात होती. ही गोळी एकदम बंद करायची नसते, हे मला माहीत होतं. डॉक्टरीणबाई सोडल्या तर त्या खोलीत ते मला एकटीलाच माहीत होतं.

दादा माझ्याकडे बघत होता. त्यानं नको म्हणून मान हलवली, अगदी किंचित. मी आयुष्यभर त्याचं ऐकत आले आहे, असं नाही, पण लग्नकार्याच्या बाबतीत ऐकलं होतं.

"ते कॅल्शियम नव्हतं," मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "लेबल मी लावलं होतं."

मग मी सगळं सांगितलं. औषधाचं नाव, ताकद, किती वर्षं, शेवटची फिट कधी. प्रयोगशाळेत विचारल्यावर सांगते तसं एका दमात. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या की हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. जावई भाचीकडे वळला होता. मला वाटलं आता हा ओरडेल. त्यानं तिचा हात धरला, आणि ती रडायला लागली, आणि म्हणाली, मला सांगायचं होतं. दादा बाहेर निघून गेला.

सासूबाईंनी रक्ताळलेला पदर मुडपून मांडीवर घेतला. मग मला म्हणाल्या, "आजार असतो माणसाला. त्याचं मला काही नाही. पण माझ्या हातानं तिला हे झालं, ते तुम्ही माझ्यावर आणलंत." मी माफी मागितली. ती अगदी कोरडी निघाली तोंडातून, मला स्वतःला ऐकू आली तशी. मला खरं तर त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटत होतं.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण औषध पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरीणबाईंनी भाचीला पाळीची तारीख विचारली. आठ दिवस वर गेले होते. त्या दोघांनी मूल हवं असं ठरवलं होतं, तीन महिने झाले होते, घरात सासूबाईंना माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं. तपासणीला लघवी पाठवली.

अहवाल यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी बाकावर बसून एकच करत होते, ती वाकडी पिल्लं डोळ्यांपुढून घालवत होते. देवाला मी एरवी फारसा त्रास देत नाही. त्या दिवशी मी मनात म्हणत होते, नको, आत्ता नको, अजून नको. माझ्या दादाच्या एकुलत्या एका मुलीच्या पोटी मूल नसावं म्हणून मी हात जोडून बसले होते.

नर्सबाईंनी येऊन सांगितलं, नाही आहे. भाचीचा चेहरा पडला. जावई म्हणाला, होईल ने, घाई कशाची आहे. माझ्या तोंडून मात्र मोठ्यानं सुस्कारा निघाला आणि मी चक्क "बरं झालं" म्हणाले.

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंनी विचारलं, "तुम्हाला कशाचं बरं वाटलं?"

सांगावं लागलं. मासे सांगितले नाहीत, पण बाकी सगळं सांगितलं. पोटात बाळ घडत असताना ही गोळी काय करू शकते, आधी बदलावी लागते, त्याला महिने लागतात, बदललेल्या औषधावर फिट येत नाही ना हे बघावं लागतं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबावं लागतं. डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या, मधे मधे दुरुस्त करत होत्या. नियमानं ज्या डॉक्टरनं गोळी सुरू केली त्यानं पहिल्या दिवशीच हे सांगायचं असतं, ते सांगितलं नसावं, असंही त्या म्हणाल्या. मला वाटलं, चला, आता त्या निवृत्त डॉक्टरच्या माथी जाईल. तेवढ्या वेळात तेवढा विचार माझ्या मनात आला, मी काही लपवत नाही.

भाची उशीवर टेकून माझ्याकडे बघत होती. डोक्याला पट्टी, ओठ सुजलेला. मला वाटत होतं तिला कळत नसेल, ग्लानीत असेल.

"आत्या, तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"अडीच वर्षं झाली," मी म्हणाले.

ती हिशेब करत असावी. अडीच वर्षं म्हणजे लग्नाच्या आधी, ठरण्याच्याही आधी. सरळ सरळ एक गोळी सोडून दुसरी धरून झाली असती, आज तपासणीचा कागद हातात घेऊन आनंदानं वाट बघता आली असती. आणि गेले तीन महिने ती कसला धोका पत्करत होती हे तिला माहीत नव्हतं, ते मी सांगायला हवं होतं. ती रागावली असती तर मला सोसलं असतं. आमच्या घरात आरडाओरडा कुणाला नवा नाही.

पुढच्या सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. मी म्हटलं, मी सुट्टी टाकते, मी येते बरोबर, मला या औषधाचं सगळं ठाऊक आहे, काय विचारायचं ते मी विचारीन.

"नको," भाची म्हणाली. "आई येतील."

आई म्हणजे सासूबाई. त्या उठून तिच्या उशाशी जाऊन बसल्या आणि तिच्या केसांतलं वाळलेलं रक्त ओल्या कापसानं पुसायला लागल्या. मी बरं म्हणाले आणि माझी पर्स शोधू लागले.